बोरोकार्बाइड अतिसंवाहक

विरल मृत्तिका मूलद्रव्य, निकेल, बोरॉन व कार्बन यांची १:२:२:१ प्रमाणातील आंतरधातवीय संयुगे (धातूंच्या अणूंची ठरावीक प्रमाणातील संयुगे), जी पुरेशी थंड केल्यावर अतिसंवाहक होतात, म्हणजे त्यांचा विद्युत् रोध शून्य होतो. निकेलच्या जागी पॅलेडियम वा प्लॅटिनमही चालते. क्रांतिक तापमान (ज्याखाली अतिसंवाहकता येते ते) बेताचेच, पण काहींत अतिसंवाहकता आणि चुंबकीय क्रम (अणूंच्या चुंबकीय आघूर्णांची नियमित मांडणी) एकत्र नांदतात.

शोध : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९३ च्या सुमारास इट्रियम-निकेल-बोरॉन मिश्रधातूच्या नमुन्यात १२ केल्विनजवळ अतिसंवाहकतेचा संकेत दिसला. तो इतका क्षीण होता, की नमुन्यातील मुख्य प्रावस्थेचा (ठरावीक संघटन व रचना असलेल्या भागाचा) असणे संभवत नव्हते. कार्बन मुद्दाम घातल्यावर संकेत बळावला. आर. नागराजन, चंदन मझुमदार, एल. सी. गुप्ता व सहकाऱ्यांचा निबंध १९९४ च्या आरंभी आला. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रॉबर्ट कावा यांच्या गटाने शुद्ध प्रावस्था मिळवली (क्रांतिक तापमान : ल्युटेशियमच्या संयुगाचे सु. १६.६, इट्रियमच्या सु. १५.५ केल्विन), तिची रचना तेथेच निश्चित झाली, आणि पॅलेडियमच्या बहुप्रावस्थ (अनेक प्रावस्थांचे मिश्रण असलेल्या) नमुन्यात २३ केल्विनपर्यंत मजल गेली. श्रेयाचा प्रश्न ‘शोध’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. चौथा घटक (कार्बन) अनिवार्य असल्याचे मुंबईत उमगले, हे मात्र नजरेआड करता येत नाही.

नमुने : घटक आर्गॉनमध्ये आर्क भट्टीत वितळवतात. बोरॉन व कार्बनची सुटी पूड आर्कच्या झोताने उडते, म्हणून ती दाबून गोळी करतात. वितळून झालेला गोळा अनेकदा उलटून पुन्हा वितळवतात आणि वजन ताडून पाहतात. घट १ टक्क्याहून अधिक असेल, तर प्रमाण बिघडले असे समजावे. नंतर टँटलमच्या पत्र्यात गुंडाळून निर्वात क्वॉर्ट्झ नळीत १,०५०–१,१०० से.ला काही दिवस तापवतात. ही पायरी टाळल्यास कार्बनयुक्त उपप्रावस्था उरतात. डिस्प्रोशियमच्या अशा एका उपप्रावस्थेला १५ केल्विनजवळ स्वतःचा चुंबकीय क्रम येतो आणि चुंबकीय मापनाच्या वक्रात भलताच बाक दिसतो. एकस्फटिक निकेल बोराइडच्या द्रवात सु. १,४९० पासून १,२०० से.पर्यंत सावकाश थंड करून वाढवतात. ते पातळ चकत्यांच्या रूपात येतात.

मापन : रोध शून्य झाला एवढ्यावर निर्णय देऊ नये, अतिसंवाहक प्रावस्थेचा एखादा अखंड धागाही रोध शून्य करतो. विशिष्ट उष्णतेतील उडी हा अधिक भरवशाचा पुरावा. न्यूट्रॉन विवर्तनासाठी बोरॉन–११ वापरावा लागतो, कारण नैसर्गिक बोरॉनमधील सु. २० टक्के बोरॉन–१० न्यूट्रॉन गिळून टाकतो.

चुंबकत्व : एर्बियमचे संयुग सु. १०.५ केल्विनला अतिसंवाहक व ६ केल्विनला प्रतिलोहचुंबकीय (शेजारची चुंबकीय आघूर्णे विरुद्ध दिशांना असलेले) होते, २.३ केल्विनखाली त्यात क्षीण लोहचुंबकत्वही येते, तरी अतिसंवाहकता टिकते. डिस्प्रोशियममध्ये क्रम उलटा : चुंबकीय क्रम सु. १०.३, अतिसंवाहकता सु. ६ केल्विनला. गॅडोलिनियमचे संयुग अतिसंवाहक नाही.

हॉल्मियमचे संयुग सर्वांत वादग्रस्त. ते सु. ८ केल्विनला अतिसंवाहक होते, ५ केल्विनजवळ अतिसंवाहकता डळमळते (काही नमुन्यांत रोध परतही येतो) आणि त्याखाली ती पुन्हा सावरते. ६ ते ५ केल्विनदरम्यान दोन असमपरिमेय (स्फटिकाच्या आवर्तनाशी पूर्णांकी मेळ नसलेल्या) चुंबकीय रचना आढळतात, एक स्फटिकाच्या ए-अक्षाच्या दिशेने व दुसरी सी-अक्षाभोवती सर्पिल. यांपैकी कोणती रचना अतिसंवाहकतेत बाधा आणते, याबद्दल एकमत नाही. हॉल्मियमच्या जागी थोडे इट्रियम घालून केलेल्या प्रयोगांवरून पहिलीकडे बोट दाखवणे अधिक सयुक्तिक दिसते. तापवण्याची पद्धत बदलली की याच पट्ट्यातील वर्तन बदलते, म्हणून नमुन्याचा पूर्वेतिहास न देता दिलेले आकडे परस्परांशी ताडू नयेत.

पॅलेडियम उपगटाचे शुद्ध नमुने मिळणे अवघड असल्याने त्याच्या चुंबकत्वाविषयीची माहिती त्रोटक आहे.