मोहरी फेसताना नाकात जातं ते

गेल्या हिवाळ्यात आत्याबरोबर मंडईत गेले होते. स्तनाच्या कॅन्सरवरचे तिचे मोठे उपचार संपले होते, पण स्तनाच्या पेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं काम अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेन या औषधाची रोजची गोळी चालू होती. कोबीचा गड्डा हातात तोलत तिने विचारलं, "तू एवढी शिकलीस, सांग बरं, यातलं काय खाल्लं की ते परत येणार नाही?" असं वचन कुठलीच भाजी देऊ शकत नाही, आणि मी तिला तसंच सांगितलं. पण तिच्या प्रश्नामागे जे विज्ञान आहे, ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

इस्ट्रोजेन हे शरीराचं रोजच्या कामाचं संप्रेरक आहे. हाडं, रक्तवाहिन्या, पाळी, सगळीकडे ते लागतं. काम झालं की त्याची विल्हेवाट लावावी लागते, आणि गडबड होऊ शकते ती इथे. यकृतात आणि थोड्या प्रमाणात स्तनाच्या पेशींतही एन्झाइम नावाची प्रथिनं त्याच्या रेणूला ऑक्सिजन जोडतात. रेणूतल्या दोन नंबरच्या जागी तो जोडला गेला तर धोका कमी असतो. चार नंबरच्या जागी जोडला गेला, तर पुढे त्यापासून क्विनोन नावाचा तापट रेणू तयार होऊ शकतो. हा क्विनोन डीएनएमधल्या अॅडनीन आणि ग्वानीन या अक्षरांना चिकटतो, आणि चिकटलेलं अक्षर साखळीतून गळूनच पडतं. मागे उरते रिकामी जागा. दुरुस्ती करणारी एन्झाइम ती बुजवतात, पण कधीतरी चुकीचं अक्षर बसतं, आणि तिथून कॅन्सरची सुरुवात होऊ शकते. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात एर्कोले कॅव्हालिएरी आणि एलेनॉर रोगन यांनी अनेक वर्षं या साखळीचा पाठपुरावा केला. इस्ट्रोजेन पेशींना वाढायला लावतं, हा कॅन्सरचा दुसरा मार्ग अधिक परिचित आहे. दोन्ही एकत्र आले की चुकीच्या अक्षराच्या प्रती निघत राहतात.

या क्विनोनला आवरायची सोय शरीराजवळ आहे. एक एन्झाइम क्विनोन बनण्याआधीच रेणूला मिथाइल गट चिकटवून तो निरुपद्रवी करतं. त्यासाठी लागणारे मिथाइल गट पुरवायला फोलेट लागतं, म्हणजे आपली मेथी, पालक, चवळीची पानं. दुसरं एन्झाइम तयार झालेल्या क्विनोनला मागे फिरवतं. तरीही जो सुटेल त्याला पेशीतला ग्लुटाथायोन नावाचा रेणू धरतो आणि शरीराबाहेर काढायला लावतो.

यातली शेवटची दोन कामं वाढवण्याची ताकद कोबीच्या कुळात सापडली आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या पॉल टॅलाले यांच्या गटाने १९९२ साली ब्रोकोलीतून सल्फोराफेन नावाचं रसायन वेगळं केलं. पेशीत गेल्यावर ते जणू धोक्याची घंटा वाजवतं, आणि क्विनोनला मागे फिरवणाऱ्या एन्झाइमचं उत्पादन वाढतं.

पण सल्फोराफेन भाजीत तयार नसतं. त्याचा कच्चा माल एका कप्प्यात असतो आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या. भाजी चिरली, चावली की कप्पे फुटतात आणि दोघं भेटतात. मोहरी फेसताना हेच घडतं. कोरडी मोहरी हुंगा, फारसं काही जाणवत नाही. पाणी घालून रगडा, मिनिटाभरात नाकात झणका जातो आणि डोळ्यांत पाणी येतं. तो झणका म्हणजे सल्फोराफेनचाच भाऊबंद. फोडणीत मात्र तेलाच्या तापाने एन्झाइम मरतं, म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते पण झणझणत नाही.

ब्रोकोली फार शिजवली तर तिचंही असंच होतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या २०१८ सालच्या प्रयोगात १२ निरोगी माणसांना २०० ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली दिली, एकदा नुसती आणि एकदा वर १ ग्रॅम मोहरीची पूड घालून. मोहरीबरोबर खाल्ल्यावर, म्हणजे मोहरीतलं एन्झाइम मिळाल्यावर, सल्फोराफेन शरीरात चौपटीहून जास्त पोचलं. आपल्या कोबीत ब्रोकोलीइतका कच्चा माल नसतो, पण त्याच कुळातले इतर रेणू असतात. म्हणून कोबीची पचडी किंवा मुळ्याची कोशिंबीर चिरून थोडा वेळ तशीच ठेवावी, आणि कोशिंबिरीला कधी फोडणीऐवजी फेसलेली मोहरी लावावी, असं मी सांगते.

फळांचा आणि इतर भाज्यांचा वाटा निराळा. पेरू, अंजीर, गवार यांतला चोथा आतड्यात आलेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषलं जाण्याआधी काही प्रमाणात बाहेर नेतो.

पेशीत दिसलेलं माणसांत तसंच होईल असं नाही, म्हणून मोठ्या पाहण्या पाहाव्या लागतात. अमेरिकेतल्या १,८२,१४५ परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात, रोज साडेपाचहून जास्त वाढप (एक वाढप म्हणजे एका वेळी ताटात घेतो तेवढा भाग) फळं-भाज्या खाणाऱ्यांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका अडीच किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांपेक्षा ११ टक्क्यांनी कमी दिसला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. त्यांच्या इतर सवयीही चांगल्या असू शकतात.

आत्याला मी एक गोष्ट बजावून सांगितली. कोबीच्या कुळातल्या रेणूपासून केलेल्या डीआयएम नावाच्या गोळ्या मिळतात. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गोळ्यांनी इस्ट्रोजेनची वाट अपेक्षेप्रमाणे दोन नंबरच्या जागेकडे वळवली, पण टॅमॉक्सिफेनपासून शरीरात बनणाऱ्या प्रभावी रेणूंची पातळीही खाली आणली. ताटातली भाजी वेगळी, डबीतला अर्क वेगळा. तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

"म्हणजे मोहरी फेसायचीच ना?" तिने विचारलं. घरी आल्यावर तिने खलबत्ता काढला, आणि पाच मिनिटांत आम्ही दोघी पदराने डोळे पुसत होतो.