बांधली तरी ठीक, न बांधली तरी ठीक : शीख स्त्रिया आणि पगडी

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ दुचाकीस्वारांना हेल्मेटची सक्ती करतं आणि पगडी घातलेल्या शिखाला त्यातून मोकळं ठेवतं. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ‘शीख’ म्हणजे पुरुषच असावा. कारण पगडी न बांधणाऱ्या शीख बाईचं काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही. दिल्लीने २०१४ मध्ये बायकांना हेल्मेट सक्तीचं केलं, पण शीख बायकांना सरसकट वगळलं. चंडीगडने २०१८ च्या जुलैत वेगळी वाट धरली : सूट फक्त पगडी बांधणाऱ्या शीख बायकांनाच. त्यावर शीख संघटना आणि अकाली दल उखडले. आमच्या कोणत्या बाईने पगडी बांधावी हे वाहतूक खातं ठरवणार का, असा त्यांचा रोख होता. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने दिल्लीचा कित्ता गिरवायला सांगितलं. चौकातल्या हवालदाराने एखादी बाई शीख आहे हे ओळखायचं कसं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

संघटनांचा राग समजण्यासारखा होता, कारण या बाबतीत खुद्द धर्माचा नियमच सैल आहे. गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये मंजूर केलेल्या ‘सिख रहत मर्यादे’त, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, पोशाखाबद्दल फार थोडी बंधनं आहेत. शिखाने कच्छेरा (आखूड चड्डी) आणि दस्तार, म्हणजे पगडी, घालावी, बाकी काहीही घालावं. लगेच पुढे म्हटलं आहे की स्त्रीने दस्तार बांधावी किंवा बांधू नये, दोन्ही ठीक. इतक्या काटेकोर संहितेत ‘दोन्ही ठीक’ असं सहसा कुणी लिहीत नाही. भांडण मिटत नसलं की लिहितात. ते भांडण काय होतं, हे पाहायला बरंच मागे जावं लागतं.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी खालसा, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांचा पंथ, स्थापला. त्याची पाच चिन्हं म्हणजे केस, कंगवा, कडं, कच्छेरा आणि कृपाण. पगडी या पाचांत नाही. ती केसांच्या रक्षणासाठी आली आणि पुढे चिन्हांपेक्षाही ठळक झाली. त्या काळी डोक्यावरचं पागोटं ही सत्ता आणि प्रतिष्ठेची खूण होती. गुरूंनी ती जाट, न्हावी, धोबी, शिंपी अशा साऱ्यांच्या डोक्यावर ठेवली, ही त्यातली क्रांती. मग ती बायकांच्या डोक्यावरही ठेवली का? इथे परंपरेचे दोन धागे निघतात आणि ते एकमेकांत नीट बसत नाहीत.

पहिला धागा थेट नांदेडपर्यंत येतो. आनंदपूरच्या वेढ्यात गुरूंना सोडून गेलेल्या चाळीस शिखांना माई भागोंनी परत लढायला उभं केलं आणि १७०५ मध्ये खिदराण्याच्या, म्हणजे आजच्या मुक्तसरच्या, लढाईत त्या स्वतः उतरल्या. पुरुषी वेश, हाती शस्त्र, डोक्यावर पगडी असं त्यांचं वर्णन परंपरा करते. पुढे त्या गुरूंबरोबर दक्षिणेत आल्या. १७०८ मध्ये नांदेडला गुरूंचं देहावसान झाल्यावर त्या बिदरजवळच्या जनवाड्याला राहिल्या आणि तिथेच वारल्या, असं मानतात. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वारात त्यांच्या नावाचा बुंगा, म्हणजे निवासाची वास्तू, आहे. पगडी बांधणाऱ्या बायका पहिला दाखला देतात तो त्यांचाच. आजच्या चित्रांत त्या निळा दुमाला, म्हणजे उंच योद्धा-पगडी, बांधून घोड्यावर असतात. ही चित्रं नंतरची आहेत, समकालीन पुरावा म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवता येत नाही.

दुसरा धागा रहतनाम्यांचा, म्हणजे अठराव्या शतकात रचल्या गेलेल्या आचारसंहितांचा. चौपा सिंहांच्या नावावरचा रहतनामा तर स्त्रीला खंड्याचं अमृत, म्हणजे दुधारी खंड्याने ढवळलेलं खालशाच्या दीक्षेचं पाणी, देणाऱ्या शिखालाच दोषी ठरवतो. कित्येक ठिकाणी बायकांना दुधारी खंड्याऐवजी एकधारी कृपाणीने ढवळलेलं अमृत देत. म्हणजे दीक्षेच्या भांड्यातच फरक होता, पगडी तर पुढची गोष्ट. रणजितसिंगांची सासू सदा कौर यांनी फौजा हाकल्या, राणी जिंदांनी दरबार चालवला. पण सर्वसाधारण पंजाबी बाईच्या डोक्यावर होती ती ओढणी नाहीतर फुलकारी.

इंग्रजांनी यात नकळत भर घातली. १८५७ नंतर शीख शिपायांची भरती वाढली, आणि पलटणीत शिखाने केस राखून पगडी नीट बांधलेली असलीच पाहिजे, यावर लष्कराचा कटाक्ष होता. पगडी शिपायाच्या गणवेशाचा भाग झाली आणि जगाच्या नजरेत शीख म्हणजे पगडीवाला पुरुष हे समीकरण पक्कं झालं. पलटणीत बायका नव्हत्या, त्यामुळे या घडणीत त्यांचा विचार होण्याचं कारणच नव्हतं.

तो केला सिंग सभेच्या सुधारकांनी. १८७३ मध्ये अमृतसरला सुरू झालेली ही चळवळ शिखांची वेगळी ओळख ठसवू पाहत होती. पुरुष लांबून ओळखू येत होता, पण शीख बाई आणि शेजारची हिंदू बाई यांच्यात फरक दिसत नव्हता. यावर सर्वांत जहाल उत्तर दिलं भसौडच्या बाबू तेजा सिंहांनी. त्यांच्या पंच खालसा दिवाणात अमृत घेणाऱ्या बाईला पगडी बांधावीच लागे. खालसा एक, दीक्षा एक, मग चिन्हांत भेद कशाला, असा रोखठोक मुद्दा. समतेच्या बाजूने याहून सरळ युक्तिवाद सापडणं कठीण. पण हेच गृहस्थ शुद्धीकरणाच्या भरात गुरू ग्रंथ साहिबला हात घालायला निघाले. ग्रंथातली भगतांची वाणी त्यांना बाहेर हवी होती. भगत म्हणजे कबीर, रविदास, फरीद आणि आपले नामदेवसुद्धा. तिलंग रागातल्या पदात ‘खूबु तेरी पगरी, मीठे तेरे बोल’ म्हणत देवाच्या पगडीचं कौतुक करणारे नामदेवच! बायकांच्या पगडीसाठी भांडणाऱ्या माणसाने ते पद वगळायला निघावं, यावर काय बोलायचं? १९२८ मध्ये अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, त्यांना पंथाबाहेर काढलं. रहत मर्यादेचा मसुदा तयार होऊ लागला तो त्यानंतरच्याच काळात. ‘दोन्ही ठीक’ हे वाक्य मला या पार्श्वभूमीवर कळतं : भसौडवाल्यांची सक्ती नको, पण पगडी बांधणाऱ्या बाईला नाकारायचंही नाही.

सक्तीचा विचार मात्र टिकून राहिला. लाहोर कटाच्या खटल्यात १९३० पर्यंत तुरुंगात असलेले भाई रणधीर सिंह यांच्या प्रेरणेतून अखंड कीर्तनी जत्था उभा राहिला. या जत्थ्यात पाच ककारांतला, म्हणजे ‘क’ने सुरू होणाऱ्या त्या पाच चिन्हांतला, पहिला ‘केस’ नसून ‘केसकी’, म्हणजे छोटी पगडी, असं मानतात. त्यांचा तर्क मजेशीर आहे : बाकीची चारही चिन्हं माणूस दीक्षेच्या वेळी अंगावर घालतो, केस तर जन्मतःच येतात, मग ते ‘धारण’ कसे करणार? अकाल तख्ताची मर्यादा हे मानत नाही. पण जत्थ्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या केसकी बांधत आल्या आहेत.

केसकी बांधताना केस वर विंचरून टाळूवर जुडा घालतात आणि त्याभोवती मलमलीचे किंवा व्हॉइलचे वेढे घट्ट बसवतात. पुरुषांच्या पतियाळाशाही पगडीसारखं कपाळावर टोक निघत नाही, गोल आकार येतो. अनेकजणी त्यावरून पुन्हा चुन्नी घेतात, गुरुद्वारात तर हमखास. जुनं सोडायचं नाही आणि नवं टाकायचं नाही, असा हा समझोता रोज सकाळी आरशासमोर होतो.

१९६९ पासून, अमेरिकेत योग आणि शीख धर्म शिकवणाऱ्या योगी भजन यांच्यामागे गेलेल्या अमेरिकन गोऱ्या बायकांनी पांढऱ्या पगड्या बांधल्या. योगी भजन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्यावर लैंगिक शोषणाचे गंभीर आरोप झाले हे खरं, तरी पगडीतली बाई हे दृश्य पाश्चात्त्य शहरांत आधी त्यांच्याचमुळे रुळलं. पुढे ब्रिटन-कॅनडात वाढलेल्या पंजाबी मुलींनी ती आपल्या कारणांसाठी उचलली. भावाने बांधायची आणि मी का नाही, हे त्यातलं एक कारण. २०१७ मध्ये पलबिंदर कौर शेरगिल ब्रिटिश कोलंबियाच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाल्या. कॅनडातल्या त्या पहिल्या पगडीधारी स्त्री न्यायाधीश.

मात्र पगडीबरोबर केसांचा पूर्ण नियम येतो आणि बाईला तो पुरुषापेक्षा महाग पडतो. पुरुषाची न कापलेली दाढी रुबाबाची, बाईच्या ओठावरची लव मात्र लोकांच्या डोळ्यांत खुपते. २००९ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयासमोर अमृतसरच्या वैद्यकीय प्रवेशाचं प्रकरण आलं होतं. भुवया कोरल्या म्हणून एका मुलीला शीख कोट्यातली जागा नाकारली होती. न कापलेले केस हा शीख ओळखीचा मूलभूत भाग आहे, असं म्हणत न्यायालयाने नकार उचलून धरला. २०२२ च्या फेब्रुवारीत दुसरं टोक दिसलं. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या हिजाबविषयक अंतरिम आदेशात पगडीचा उल्लेख नसतानाही बेंगळुरूतल्या एका महाविद्यालयाने अमृतधारी, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेल्या, विद्यार्थिनीला पगडी काढायला सांगितलं. घरच्यांनी साफ नकार दिला. शीख मुलाला हे सांगायची हिंमत झाली असती का, अशी शंका येते.

आणि पगडी बांधूनही जिथे पोचता येत नाही अशी एक जागा उरते. शीख बायकांना १९२५ च्या गुरुद्वारा कायद्याने मताचा अधिकार मिळाला, १९९९ मध्ये बीबी जागीर कौर शिरोमणी समितीच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, पण हरमंदिर साहिबच्या, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या, गाभ्यात कीर्तन करत आले ते पुरुष रागीच, म्हणजे कीर्तनकारच. मर्यादेत बाईला मनाई करणारी ओळ नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, गुरू नानकांच्या ५५० व्या जयंतीच्या तोंडावर, पंजाब विधानसभेने बायकांना तिथे कीर्तन करू द्यावं असा ठराव केला. विधानसभेचा ठराव शिरोमणी समितीला बंधनकारक नसतो, आणि समितीने तो मनावर घेतला नाही.