रंगखूण लावलेली प्रतिपिंडे

प्रतिकारपेशीच्या पृष्ठभागावरचे एखादे ठरावीक प्रथिन हेरून त्याला चिकटणारी, आणि जोडलेल्या चमकत्या रंगामुळे ती पेशी ओळखू देणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी). सूक्ष्मदर्शकाखाली टी आणि बी लिंफोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचे दोन प्रकार) सारख्याच दिसतात, त्यांतला फरक पृष्ठभागावरच्या प्रथिनांत असतो. या प्रथिनांना सीडी क्रमांक आहेत: टी पेशींवर सीडी३, त्यांतल्या मदतनीस पेशींवर सीडी४, मारक पेशींवर सीडी८, बी पेशींवर सीडी१९.

प्रतिपिंडाला चमकता रंग जोडण्याची कल्पना अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रत्यक्षात आणली. एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी मिळू लागली ती मात्र केलर आणि मिलस्टाइन यांच्या १९७५ च्या हायब्रिडोमा तंत्रामुळे (प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगपेशी एकत्र जोडण्याच्या पद्धतीमुळे).

रंगांपैकी फायकोएरिथ्रिनची गोष्ट कोकणातल्या वाचकाने जरूर जाणून घ्यावी. हे लाल शेवाळातले प्रथिन आहे. पावसाळ्यात लाटांचा मारा झेलणाऱ्या कोकणातल्या कातळांवर पॉर्फिराचे तांबूस-जांभळे पापुद्रे धरतात, ते याच लाल शेवाळांच्या गटातले. जिवंत शेवाळात हे प्रथिन पाण्यातून झिरपणारा निळा-हिरवा प्रकाश टिपते आणि ती ऊर्जा हरितद्रव्याकडे पोचवते. वेगळे काढले की ऊर्जा घ्यायला पुढे कोणी उरत नाही, म्हणून ते पिवळसर-नारिंगी प्रकाश सोडते, तोही भरपूर. त्यामुळे पेशीवर तुरळक असणारे प्रथिन शोधायला हाच रंग निवडावा. रात्री किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात तो प्रकार वेगळा: तिथे जीव स्वतः रासायनिक क्रियेने उजेड निर्माण करतात, इथे बाहेरून लेसर पाडावा लागतो.

रक्त जांभळ्या झाकणाच्या (गोठू न देणारे द्रव्य असलेल्या) नळीत घेतात, प्रतिपिंडे मिसळून काही वेळ अंधारात ठेवतात, तांबड्या पेशी फोडून टाकतात. मग फ्लो सायटोमीटरमधून एकेक पेशी लेसरसमोरून जाते. फ्लुओरेसीन या दुसऱ्या रंगाचा हिरवा प्रकाश फायकोएरिथ्रिनच्या खिडकीतही (त्याचा प्रकाश मोजणाऱ्या पट्ट्यातही) थोडा सांडतो. तो वजा केला नाही, तर नसलेले प्रथिन आहे असे दिसते. एकेकच रंग लावलेले नमुने सोबत चालवण्याचा कंटाळा करू नये तो यासाठीच.

कोकणपट्टीत खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ठरवायला, तर परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत बालकांतील जन्मजात प्रतिकारदोष शोधायला हे तंत्र वापरतात. कधी खूण न उमटणे हेच उत्तर असते: पांढऱ्या पेशींवर सीडी१८ जवळजवळ सापडत नसेल, तर वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या बाळाच्या आजाराचे कारण कळते. एचआयव्हीबाधितांची सीडी४ मोजणीही याच तत्त्वावर होते. हा आकडा दर मायक्रोलिटरला २०० च्या खाली गेला की संधिसाधू संसर्गांचा धोका फार वाढतो.

या प्रतिपिंडांच्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसला, उजेडापासून दूर ठेवतात. गोठवले तर फायकोएरिथ्रिन निकामी होते, त्यामुळे वीज गेल्यावर कुपी थेट बर्फाला टेकवून ठेवू नये.