पंधरा मीटर उंचीवरून: भूमिगत चळवळींसाठी झालेले हवाई हल्ले

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या देशांतील भूमिगत चळवळी ब्रिटनकडे शस्त्रे आणि बिनतारी यंत्रे मागत असत, हे बहुतेकांनी वाचलेले असते. त्यांनी कधीकधी आपल्याच शहरातील एखाद्या इमारतीवर बॉम्ब टाकण्याचीही विनंती केली, हे त्यामानाने कमी सांगितले जाते. या विनंतीमागे बहुधा कागदपत्रे असत. गेस्टापोच्या, म्हणजे नाझी जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, कार्यालयात एकेका कैद्याच्या जबानीतून नावे, पत्ते आणि संकेत जमा होत जात, आणि हे दप्तर पुरेसे फुगले की संपूर्ण संघटना काही आठवड्यांत पकडली जाण्याची शक्यता निर्माण होई. ते दप्तर नष्ट करायचे, पण आसपासची वस्ती वाचवायची, असा हा प्रश्न होता. तो धैर्याचा होता तितकाच भौतिकशास्त्राचाही होता.

त्या काळातील बॉम्बफेक किती ढोबळ होती, याचा हिशेब ब्रिटिश सरकारने स्वतःच मांडला होता. ऑगस्ट १९४१मधील बट अहवालात रात्रीच्या हल्ल्यांची छायाचित्रे तपासण्यात आली, तेव्हा लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद करणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या ५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरच्या आत पोहोचली होती, असे आढळले. अशा पद्धतीने शहरातील एकच इमारत टिपणे अशक्यच होते.

उंचीचा परिणाम साध्या गणिताने समजतो. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर ६,००० मीटर उंचीवरून सोडलेल्या बॉम्बला जमिनीवर यायला सुमारे ३५ सेकंद लागतात. या काळात तो विमानाकडून मिळालेल्या वेगाने पुढेही जात राहतो. विमानाच्या जमिनीसापेक्ष वेगाचा अंदाज सेकंदाला केवळ ५ मीटरने चुकला, तरी बॉम्ब १७५ मीटर बाजूला पडतो आणि मधल्या वाऱ्यांची भर त्यात पडते ती वेगळीच. हाच बॉम्ब १५ मीटर उंचीवरून सोडला, तर तो पावणेदोन सेकंदांत खाली येतो आणि वेगाच्या अंदाजातील तेवढ्याच चुकीने फक्त ९ मीटरचा फरक पडतो. खाली उडण्याचा दुसरा लाभ पृथ्वीच्या गोलाईमुळे मिळतो. जमिनीलगत उभ्या असलेल्या निरीक्षकाला ६,००० मीटरवरील विमान तत्त्वतः २७५ किलोमीटरवरून क्षितिजावर येते, तर १५ मीटरवरील विमान १४ किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसू शकते. रडारच्या लहरीही जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने त्यांची मर्यादा फारशी निराळी नसते.

मात्र या उंचीवर बॉम्ब विमानाची पाठ सोडत नाही. ताशी ४०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानातून सुटलेला बॉम्ब जवळजवळ त्याच वेगाने विमानाच्या खालोखाल पुढे सरकतो. तो आदळताच फुटला, तर स्फोट विमानालाच गिळेल. म्हणून या हल्ल्यांत उशिरा पेटणारे फ्यूज वापरत. त्यांचा अवधी अनेकदा ११ सेकंदांचा असे आणि तेवढ्यात विमान १,२०० मीटर पुढे निघून जाई. बॉम्ब जमिनीशी जेमतेम ९ अंशांचा कोन करून येत असल्यामुळे तो छपरावर न पडता भिंतीवर आडवा आदळे. वाटेत कठीण जमीन लागली, तर तो उसळून भलतीकडे जाण्याचा धोकाही त्याच उथळ कोनातून येत असे.

हे काम प्रामुख्याने ‘मॉस्किटो’ या विमानाने केले. डी हॅविलँड कंपनीचे हे विमान नोव्हेंबर १९४०मध्ये प्रथम उडाले. बर्चच्या पातळ प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा चिकटवून त्याचा सांगाडा घडवला होता. वाकताना सर्वाधिक ताण पृष्ठभागाजवळ येतो आणि मध्यभागी कमी येतो. त्यामुळे बाहेर मजबूत व आत हलका पदार्थ ठेवला की वजनाच्या मानाने भरपूर ताठरपणा मिळतो. दोन मर्लिन इंजिने आणि दोनच माणसे, एक वैमानिक व एक नॅव्हिगेटर, असा त्याचा संसार होता.

११ एप्रिल १९४४ रोजी रॉबर्ट बेटसन यांच्या नेतृत्वाखाली सहा मॉस्किटो विमानांनी हेगमधील क्लाइकॅम्प या वाड्यावर हल्ला केला. तेथे डच नागरिकांच्या ओळखपत्रांच्या प्रती ठेवल्या होत्या आणि भूमिगतांनी बनवलेले खोटे ओळखपत्र त्यांच्याशी ताडून उघडे पाडता येत असे. कागद सहज जळतो असे आपण समजतो, पण घट्ट रचलेली कार्डे फार सावकाश जळतात. जाड बंद पुस्तक आगीत टाकले की त्याच्या कडा काळवंडतात आणि मधली पाने कोरी राहतात, कारण आत ऑक्सिजन पोहोचत नाही. म्हणून आधी स्फोटक बॉम्बनी इमारत व कपाटे फोडायची आणि मग आग लावणारे बॉम्ब टाकायचे, असा क्रम ठरवण्यात आला. नोंदींचा मोठा भाग नष्ट झाला. आत काम करणारे सुमारे ६० लोकही मेले आणि त्यांतील बहुतेक डच कारकून होते.

त्याआधी १८ फेब्रुवारी १९४४ रोजी उत्तर फ्रान्समधील आमिएंच्या तुरुंगाची भिंत पाडण्यात आली होती. ही भिंत सुमारे ६ मीटर उंच आणि जवळपास १ मीटर जाड होती. विटांचे बांधकाम दाब उत्तम सहन करते, पण ताण सहन करत नाही. स्फोटाची दाबलहर भिंतीतून पलीकडच्या मोकळ्या पृष्ठभागापर्यंत जाते आणि तेथून परावर्तित होताना ताणलहर बनते, त्यामुळे भिंत मागच्या बाजूने सुटू लागते. भिंतीला खिंडार पडले आणि ८३२ कैद्यांपैकी २५८ बाहेर पळाले, पण १०२ कैदी त्याच बॉम्बखाली मरण पावले आणि पळालेल्यांपैकी बहुतेकजण पुन्हा पकडले गेले. हा हल्ला नेमका कोणाच्या विनंतीवरून झाला, यावर इतिहासकारांत अजून एकमत नाही.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील गेस्टापो कार्यालयावरील हल्ल्याच्या बाबतीत मात्र विनंती कोणाची होती, याविषयी शंका नाही. डॅनिश भूमिगत नेत्यांनी ती वारंवार केली होती आणि ती करणे अत्यंत कठीण होते. गेस्टापोने शेलहूस या इमारतीच्या वरच्या मजल्यावर कोठड्या बांधून चळवळीतीलच २६ कैदी तेथे ठेवले होते. हवाई हल्ल्यापासून वाचण्यासाठी ती मानवी ढाल होती. तरीही भूमिगतांचा आग्रह कायम राहिला, कारण खालच्या मजल्यांवरील दप्तर संपूर्ण चळवळीच्या मुळावर उठले होते. आपल्या सहकाऱ्यांच्या पायाखाली बॉम्ब टाका, असे सांगणाऱ्या माणसांच्या मनावर काय ओझे असेल, याचा विचार केल्याशिवाय या हल्ल्याकडे केवळ तांत्रिक करामत म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही.

२१ मार्च १९४५ रोजी बेटसन यांच्याच नेतृत्वाखाली २० मॉस्किटो विमाने तीन तुकड्यांत निघाली. सोबत संरक्षणासाठी मस्टँग विमाने होती. वैमानिकांनी शहराच्या प्रतिकृतीवरून मार्ग पाठ केला होता. पहिल्या तुकडीचे बॉम्ब उथळ कोनातून खालच्या मजल्यांत घुसले. उंचावरून आलेला बॉम्ब छप्पर भेदून आधी कोठड्यांतच शिरला असता. येथे इमारत खालून फुटली आणि वरच्या कैद्यांना बाहेर पडायला काही मिनिटे मिळाली. २६पैकी १८ जण वाचले. त्यांत मज्जाविकारतज्ज्ञ आणि डॅनिश स्वातंत्र्य परिषदेचे सदस्य मोगेन्स फॉग हेही होते.

पण त्याच पहिल्या तुकडीतील एका विमानाचा पंख रेल्वे यार्डातील उंच दिव्याच्या खांबाला लागला. ते विमान फ्रेडरिक्सबर्ग भागात जान दार्क या फ्रेंच शाळेजवळ कोसळले आणि पेटले. शाळा शेलहूसपासून सुमारे दीड किलोमीटरवर, म्हणजे विमानाला केवळ १४ सेकंदांच्या अंतरावर होती. मागून आलेल्या विमानांना धुराचा मोठा लोट दिसला आणि त्यांतील अनेकांनी तेच लक्ष्य मानून शाळेवर बॉम्ब टाकले. ८६ मुले मेली. त्यांच्यासोबत शाळेतील नन आणि इतर प्रौढही मेले. नागरिकांच्या मृत्यूंचा एकूण आकडा १२०च्या पुढे गेला.

ही चूक बेफिकिरीतून झाली, असे मला वाटत नाही. ती या पद्धतीच्या रचनेतच दडलेली होती. १५ मीटर उंचीवरून सेकंदाला १११ मीटर वेगाने जाताना थेट खालची जमीन डोळ्यासमोरून सेकंदाला सुमारे ४०० अंश या गतीने सरकते, आणि मानवी डोळा सेकंदाला १०० अंशांच्या आसपासच सरकत्या वस्तूचा पाठलाग सोडून देतो. जवळचे सगळे पुसट होते आणि समोर दूर दिसणाऱ्या मोजक्या खुणांवरच विसंबावे लागते. त्याही छपरांआडून उशिरा उघड्या होतात. त्या दिवशी समुद्रावरून येताना काचांवर खारट पाण्याचे तुषार वाळून पुट चढले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकडीला आपल्या आधी गेलेल्यांनी पेटवलेली इमारत दिसणार, हे अपेक्षितच होते, म्हणजे धूर हीच त्यांच्या मनात लक्ष्याची खूण होती. खाली उडण्याने बॉम्बची चूक १७५ मीटरवरून ९ मीटरवर आली, पण कोणती इमारत आपली आहे हे ओळखण्याची चूक त्याने कमी झाली नाही. उलट तिच्यासाठी लागणारा वेळच कमी झाला. नेम अचूक असल्यामुळे चुकीच्या इमारतीवरही बॉम्ब नेमकेपणाने पडले.

काही विमानांनी मात्र पुन्हा वळसा घेऊन खरे लक्ष्य शोधले. या वळशाची किंमतही मोजता येते. ६० अंश कललेले विमान या वेगाने सुमारे ७०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ घेते आणि ते पूर्ण व्हायला ४० सेकंद लागतात. हा सगळा वेळ ते विमानवेधी तोफांच्या माऱ्यात, स्वतःच्या सोबत्यांच्या मार्गात आणि उशिरा फुटणाऱ्या बॉम्बच्या टापूत असते. कोपनहेगनवर सहा विमाने आणि नऊ वैमानिक-नॅव्हिगेटर गमवावे लागले. चार आठवडेही उलटले नव्हते, तोच १७ एप्रिलला डेन्मार्कमधीलच ओडेन्स शहरातील गेस्टापोच्या कार्यालयावर हल्ला झाला. ती इमारत जाळ्यांनी झाकलेली होती. मॉस्किटो विमानांनी शहरावर घिरट्या घालत ती शोधून काढली आणि मगच बॉम्ब टाकले. तेथेही आसपासचे काही नागरिक मरण पावले.