परीक्षा शुल्काची ‘माफी’ : पार्श्वभूमी

दुष्काळ जाहीर झाला की आठ सवलतींची यादी निघते. जमीन महसुलात सूट, शेतीच्या कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, टँकर वगैरे. त्यातच मधे कुठेतरी शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी असते. शिक्षण अर्ध्यावर असताना घरचं पीक गेलेल्या मुलाला सरकारकडून मिळणारी तातडीची मदत म्हणजे मुख्यतः हेच कलम. ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची शुल्कसवलत), शिष्यवृत्त्या, निर्वाह भत्ता आहेतच, पण ते उत्पन्नाच्या दाखल्यावर चालतात आणि दाखला गेल्या वर्षाचा असतो. यंदा करपलेलं सोयाबीन त्यात दिसत नाही.

१९७२ च्या आठवणींत खडी फोडणं आहे, सुकडी आहे. कॉलेजची मुलं फारशी नाहीत, कारण गावातून तिथवर पोचणारेच मोजके होते. साताऱ्याकडची, रयत शिक्षण संस्थेची ‘कमवा आणि शिका’ योजना त्याच्याही आधीची, पण तिला मदत म्हणणं बरोबर नाही. ती मजुरी होती.

खरा गुंता २०१५ पासूनचा. त्या वर्षी पैसेवारी (पीक रुपयात किती पैसे आलं, याचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या आत आलेल्या हजारो गावांत सरकारने जाहीर केली ती ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. सवलती लागू, पण दुष्काळ हा शब्द टाळलेला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१६ मध्ये ‘दुष्काळसदृश’च्या जागी ‘दुष्काळ’ वाचावं, असं सरकारला सांगावं लागलं. तोवर दहावी-बारावीच्या परीक्षा उरकल्या होत्या.

मग दुष्काळ ठरवायची नवी संहिता आली, पैसेवारीऐवजी पाऊस, ओलावा, पिकांची स्थिती असे निर्देशांक आले. ‘दुष्काळसदृश’ हा शब्द मात्र गेला नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि ओरड झाल्यावर नोव्हेंबरात १,०२१ महसूल मंडळांत (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) पुन्हा ‘दुष्काळसदृश’. शुल्कमाफी दोन्हीकडे सारखीच. पण आपला तालुका मुलाला ठाऊक असतो, मंडळ नसतं. कॉलेजच्या खिडकीवर ‘तुझं गाव यादीत आहे का?’ असं विचारल्यावर तो मोबाइलवरच्या पुसट पीडीएफमध्ये गाव शोधतो. यादीत गाव नसतंच, मंडळाचं नाव असतं. मग तलाठ्याकडे फोन.

दुसरा घोळ ‘माफी’ या शब्दाचा. माफी म्हणजे भरायचंच नाही, असा साधा अर्थ. प्रत्यक्षात पुष्कळदा शुल्क आधी भरून घेतलं जातं आणि नंतर बँक खात्यात परत मिळतं. दहावी-बारावीच्या मुलांच्या बँक खात्यांची माहिती शाळांनी ऑनलाइन भरायची, असंच ठरलं. हा परतावा आहे, त्याला माफी म्हणायला नको होतं. शिवाय खरिपाचा दुष्काळ ठरतो ऑक्टोबरअखेर आणि हिवाळी परीक्षेचे फॉर्म बहुधा त्याआधीच भरलेले असतात. म्हणजे ज्या आठवड्यात घरी पैसे नसतात, नेमका त्याच आठवड्यात मुलगा कुणाकडून तरी उसने घेतो. सरकारची बाजू अशी की खात्यात थेट पैसे गेले तर कॉलेजं मधल्या मधे हात मारत नाहीत. मुद्दा खोटा नाही, पण त्याची किंमत विद्यार्थी मोजतो.

२०१८ च्या दुष्काळात एसटीचा पास मोफत केला होता. गावातून तालुक्याला रोज ये-जा करणाऱ्यांना, विशेषतः मुलींना, शुल्कापेक्षा त्याचाच आधार जास्त झाला असावा.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात उलटं झालं, शेतं वाहून गेली. ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा, ही मागणी जोरात होती. संहितेत असा शब्दच नाही, पण दुष्काळाच्या सवलती देऊ, असं उत्तर आलं आणि ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. परीक्षा शुल्क त्याही यादीत आलं. पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलाचं सत्राचं शुल्क असतं शेकड्यांत, मेसचं महिन्याचं बिल हजारांत. त्या आठ सवलतींत मेस नाही.