ठिबक चोक झाली की ॲसिड सोडतो, तसं

निफाडजवळच्या आमच्या मामांना ऐन ऑक्टोबर छाटणीत कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी कडक चहासारखी, शौच मात्र पांढुरकी, रात्रभर अंगाला खाज. गळ्यात काविळीची माळ आली, उसाचा रस सुरू झाला. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा त्यांना नाशिकला हलवलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि फुगलेली पित्तनलिका दिसली. नळीत अडकलेला खडा एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआयत, स्पष्ट झाला.

“ठिबक चोक झाली की आम्ही ॲसिड सोडतो. तसं औषधानं विरघळत नाही का हे?” मामांनी विचारलं.

प्रश्न शेतकऱ्याचा आणि अगदी रास्त. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते आतड्यात नेणारी मुख्य नळी जेमतेम ६ मिलिमीटर रुंद. पित्ताशयातला खडा घरंगळून तिथे अडकला की पित्त मागे तुंबून रक्तात उतरतं, आणि तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की हुडहुडी भरते. तेव्हा खडा विरघळायची वाट बघायला वेळच नसतो. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. खड्याच्या काविळीत मात्र माळेपायी गेलेला एकेक दिवस जिवावर बेतू शकतो.

उपाय म्हणजे ईआरसीपी. गुंगी देऊन तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यात नेतात. तिचा कॅमेरा टोकाला नसून बाजूला असतो, कारण नळीचं तोंड आतड्याच्या भिंतीत उघडतं. तिथला स्नायू विजेच्या तारेने जरासा कापतात. हा छेद १९७४ मध्ये जपान आणि जर्मनीत स्वतंत्रपणे प्रथम प्रसिद्ध झाला. मग बारीक फुगा खड्यापलीकडे नेऊन फुगवतात आणि खडा खाली ओढून आतड्यात सोडतात. पोटावर एकही टाका नाही. मामांचा खडा वाटाण्याएवढा, लगेच सुटला. निर्यातीच्या द्राक्षमण्याएवढा असता, तर आधी आतच फोडावा लागला असता.

स्वादुपिंडाची नळीही तिथेच उघडते, म्हणून काहींना त्याची सूज येते. नुसत्या निदानासाठी हल्ली ईआरसीपी करत नाहीत ते याचमुळे. खडा राहिला तर पित्त वाहतं राहावं म्हणून प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालतात. तो साधारण तीन महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो. बरं वाटलं की माणसं हेच विसरतात, स्टेंट आत चोक होतो आणि ताप परत येतो. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहाच.

मामांचं पित्ताशय त्याच मुक्कामात काढलं. खड्यांची खाण तीच होती.