उत्प्रेरक नुसता बघत बसत नाही

सोलापुरात दहावीच्या मुलांना उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, शिकवताना दरवर्षी हे वाक्य ऐकतो: "सर, उत्प्रेरक अभिक्रियेत भागच घेत नाही." पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेलं हे वाक्य चुकीचं आहे. खरं एवढंच, की शेवटी तो मूळ रूपात परत मिळतो.

मागावरचा धोटा आठवा. आडवा धागा टाकत तो आरपार जातो, परत येतो. चादर विणून होते, धोटा तसाच राहतो. म्हणून त्याने काम केलं नाही असं आपल्याकडचा कुठला विणकर म्हणेल?

दोन रेणूंमधले कार्बन एकमेकांना जोडणाऱ्या सुझुकी अभिक्रियेतला उत्प्रेरक, पॅलेडियम हा धातू, बघा (अकिरा सुझुकी यांना हेक आणि नेगिशी यांच्यासोबत २०१० चं नोबेल मिळालं). पॅलेडियमचा अणू आधी एका रेणूच्या कार्बन-ब्रोमीन बंधात स्वतः शिरतो. त्याची ऑक्सिडीकरण अवस्था (अणूने किती इलेक्ट्रॉन दिले असं धरायचं, तो आकडा) शून्यावरून अधिक दोन होते. मग दुसऱ्या रेणूतल्या बोरॉनकडचा कार्बन गट त्याच्याकडे येतो. दोन्ही कार्बन एकमेकांना जोडून निसटतात, पॅलेडियम पुन्हा शून्यावर. लगेच पुढची फेरी.

मधली रूपं फार थोडा वेळ टिकतात, म्हणून ती पकडायला अनेकांचे हात लागतात. कुणी अभिक्रियेचा वेग मोजतो, कुणी एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्र वापरून रेणूची रचना ओळखणाऱ्या यंत्रावर) मधल्या रेणूची खूण शोधतो, तर कुणी संगणकावर प्रत्येक टप्प्याची ऊर्जा काढतो. तिघांचा हिशोब जुळला तरच यंत्रणेवर, म्हणजे टप्प्यांच्या या क्रमावर, विश्वास बसतो.

आणि उत्प्रेरक अमरही नसतो. पॅलेडियमचे अणू एकत्र गोळा झाले, की चंबूच्या तळाशी काळी पूड बसते आणि अभिक्रिया मंदावते.